चौघांना की चार-चार? एकाच भागाकाराच्या दोन गोष्टी

तिसरीच्या मुलांपुढे मूठभर चिंचोके टाका आणि ही दोन उदाहरणं द्या. 12 चिंचोके चौघांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? आणि 12 चिंचोके चार-चार असे वाटले, तर किती जणांना पुरतील? दोन्हींची मांडणी 12 ÷ 4, दोन्हींचं उत्तर 3. वहीत काहीच फरक दिसत नाही. म्हणून वही राहू द्या, हात बघा.

पहिल्या वेळी मूल चार जागा धरतं आणि पत्ते वाटावेत तसा एकेक चिंचोका फिरवतं. एक फेरी, दुसरी, तिसरी, संपले. दुसऱ्या वेळी ते चार चिंचोके एकदम उचलून बाजूला ठेवतं, पुन्हा चार, पुन्हा चार. आधी वाटेकरी ठाऊक होते, वाटा शोधायचा होता. आता वाटा ठाऊक आहे, वाटेकरी मोजायचे आहेत. पहिलं 3 म्हणजे तीन चिंचोके, दुसरं 3 म्हणजे तीन मुलं. पहिल्याला वाटणी म्हणू, दुसऱ्याला गट पाडणं.

मी बरीच वर्षं 'वाटायचं असलं की भागाकार' एवढं सांगून पुढे जात असे. मग शाब्दिक उदाहरण आलं की मुलं त्यातले दोन आकडे उचलायची आणि मोठ्याला लहानाने भागून मोकळी व्हायची. मी त्यांना गणितात कच्ची समजत होतो. खरं तर त्यांनी उदाहरण वाचलेलंच नसायचं.

आणि वाचलं असतं तर मराठीने खूण करूनच ठेवली आहे. 'चौघांना' म्हणजे माणसं. दोघं, तिघं, चौघं हे शब्द आपण पिशव्यांना किंवा चिंचोक्यांना लावत नाही. 'चार-चार' ही द्विरुक्ती आली की गटाचं माप हातात आलं. 'चार पिशव्यांत भरले' आणि 'एका पिशवीत चार भरले' यांत शब्द जवळपास तेच, पण चार कोणाचे, हे पार बदललं. म्हणून हा तास मी आता भाषेच्या तासाला जोडून घेतो. उदाहरण मोठ्याने वाचायचं, मग न सोडवता फक्त करून दाखवायचं. आकडेमोड नंतर.

भिंतीवर 'एकूण म्हणजे बेरीज, प्रत्येकी म्हणजे भागाकार' असे तक्ते लावलेले असतात, ते मात्र मला अजिबात पटत नाहीत. '12 मुलांना प्रत्येकी 4 चिंचोके दिले, तर किती लागले?' यात 'प्रत्येकी' आहे आणि करायचा आहे गुणाकार.

माँटेसरी पद्धतीच्या शिकवायच्या साहित्यात भागाकाराची एक पाटी असते, 9 हिरव्या बाहुल्या आणि 81 हिरवे मणी. मणी बाहुल्यांना वाटायचे आणि एका बाहुलीला आले ते उत्तर. ही शुद्ध वाटणी. साहित्य सुरेख आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर पुढे अपूर्णांकांत गाडी अडते. 3 भागिले अर्धा किती? तीन भाकऱ्या अर्ध्या माणसाला कशा वाटणार! तेच 'तीन भाकऱ्या अर्धी-अर्धी वाढली, तर किती जण जेवतील?' असं विचारा. सहा, हे चौथीतलं मूलही सांगतं. उलट, अर्धी भाकरी तिघांत, तिथे वाटणीच कामाला येते.

सगळ्यांत जास्त गोंधळ उभ्या मांडणीत होतो, आणि तो आपणच घालतो. 72 भागिले 3. तोंडाने आपण म्हणतो, 'सातात तीन किती वेळा जातात? तीन दुणे सहा, सातातून सहा गेले, उरला एक, दोन खाली घेतला.' ही भाषा गटांची. मांडणी मात्र वाटणीची आहे. काड्या घ्या: दहाचे सात गठ्ठे आणि दोन सुट्या. तिघांना दोन-दोन गठ्ठे दिले, एक गठ्ठा उरला. तो सोडला की 12 सुट्या काड्या झाल्या, त्या चार-चार वाटल्या. प्रत्येकाकडे 24. तोंडाने म्हटलेला 'उरला एक' हा मुळात रबर लावलेला गठ्ठा होता. रबर मुलांनाच काढू द्या. तेवढ्या एका कृतीने 'दोन खाली का घ्यायचा' हा प्रश्न बराचसा सुटतो.

भागाकारात उरणाऱ्या बाकीचंही तसंच. 13 पोळ्या चौघांत वाटल्या तर उरलेल्या पोळीचे चार तुकडे होतात आणि प्रत्येकाला सव्वातीन मिळतात. पण 13 मुलं आणि एका रिक्षात चार-चार, तर सव्वातीन रिक्षा कुठून आणणार? चौथी बोलवावीच लागते.

सरावासाठी मी फळ्यावर नुसतं 20 ÷ 5 लिहितो आणि दोन गोष्टी मागतो, एक वाटणीची, एक गटाची. वाटणीच्या गोष्टी पटापट येतात, पाच भावंडं आणि वीस पेढे. गटाच्या गोष्टीला वेळ लागतो. परवा एकीने लिहिलं, '20 बोरं होती, रोज पाच-पाच खाल्ली, किती दिवस पुरली?' मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, 'गुरुजी, एवढी बोरं चार दिवस कुठं टिकत्यात?'