लाखाचा आकडा आणि रिकामी बाकं

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. वानखेडे तीनदा भरेल, तरी हजारो लोक बाहेर उरतील. फुटबॉल म्हणजे अर्थात त्यांचा, अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचा. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखावर प्रेक्षक होते अशी नोंद आहे. अपवाद फक्त कोविडच्या २०२० चा.

आता ही गर्दी मोजतात कशी? बहुतेक विद्यापीठं वाटलेली तिकिटं मोजतात, विकलेली आणि फुकटचीही. २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं दारावर स्कॅन झालेल्या तिकिटांचे आकडे मिळवले, तर जाहीर गर्दीपैकी जेमतेम ७१ टक्के लोक प्रत्यक्ष आत गेलेले. शिवाय जाहीर आकडाही घसरतच होता. कॉलेज फुटबॉलच्या अव्वल विभागाची सरासरी २००८ मध्ये ४७ हजारांच्या जवळ होती, ती २०१८ मध्ये ४१,८५६ वर आली.

संघ हरला की लोक फिरकत नाहीत, हे सोपं उत्तर. त्यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं की शनिवारी संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त दिसतात. फोनवर विचारलं तर जिंकल्यावर ‘आम्ही जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’. आपल्याकडे क्रिकेटच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हेच ऐकू येतं. पण अलाबामा विद्यापीठाचं काय? तिथला संघ जिंकतच होता, तरी विद्यार्थी सामना अर्धवट सोडून निघायचे. शेवटी २०१९ मध्ये विद्यापीठानं फोनच्या लोकेशनवरून त्यांची हजेरी घेणारं अॅप काढलं. शेवटच्या चौथ्या भागापर्यंत थांबलात तर तिकिटांसाठी जादा गुण! मला हे वर्गातल्या हजेरीपेक्षाही केविलवाणं वाटतं.

मिशिगनमध्ये २०१४ साली जे झालं त्याचा उलगडा करायला नुसती हार-जीत पुरत नाही. क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन कॉर्पोरेट जगातून आलेले. डॉमिनोज पिझ्झाचे माजी प्रमुख. त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या अख्ख्या हंगामाच्या तिकिटाचा दर २९५ डॉलर, आणि ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, नोत्र दाम या तिन्ही कट्टर प्रतिस्पर्ध्यांशी सामने परगावी. घरच्या मैदानावर पाहायचं काय? विद्यार्थ्यांची हंगामी तिकिटं सुमारे १९ हजारांवरून १२ हजारांच्या आसपास आली. सप्टेंबरात कोकच्या दोन बाटल्यांवर दोन तिकिटं देण्याची योजना निघाली आणि गदारोळ होताच मागे घेतली गेली. ज्यानं २९५ मोजले त्याला काय वाटलं असेल?

डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये लोकांना विचारलं होतं: हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी दुकानदारानं बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरऐवजी २० ला विकलं तर? ८२ टक्के म्हणाले, हा अन्याय. मागणी वाढली की भाव चढतो हे बाजारात चालतं, पण आपला गैरफायदा घेतला जातोय असं वाटलं की माणूस बिथरतो. कॉलेजचा संघ तर ग्राहक आपलाच मानतो, म्हणून राग दुप्पट.

त्यात २७ सप्टेंबरला डोक्याला मार बसलेल्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला) पुन्हा मैदानात उतरवलं गेलं. विद्यार्थी मोर्चा घेऊन विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरावर गेले आणि ३१ ऑक्टोबरला ब्रँडन यांनी राजीनामा दिला. गंमत म्हणजे या सगळ्या काळात लाखाची मालिका अबाधित होती! नेतृत्वावरचा विश्वास उडाल्याचं एकूण आकड्यात दिसलंच नाही, दिसलं ते विद्यार्थ्यांच्या बाकांवर. आजचा विद्यार्थी उद्या हंगामी तिकीट घेणारा, देणगी देणारा माजी विद्यार्थी असतो, म्हणून मी तरी आधी तेच आकडे पाहीन.

नव्या संचालकांनी २०१५ साठी विद्यार्थ्यांचा दर १७५ डॉलरवर आणला. नवा प्रशिक्षक जिम हार्बोचाही तो पहिलाच हंगाम होता आणि संघानं दहा सामने जिंकले. त्यामुळे स्वस्त तिकिटाचा परिणाम किती आणि विजयाचा किती, हे या एका उदाहरणावरून वेगळं काढता येत नाही.