घड्याळातला जादाचा अर्धा किलोमीटर

मुंबई मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडून घड्याळ थांबवलं की पडद्यावर अनेकदा ४२.६ किंवा ४२.७ किलोमीटर दिसतात. शर्यत तर ४२.१९५ किलोमीटरची. मग मार्ग चुकीचा मोजला की घड्याळ बिघडलं, अशी चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा दोन्ही ठीकच असतात.

मॅरेथॉनचा अधिकृत मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र लावलेलं असतं. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते आधी ठरवतात. उन्हाने टायर फुगतं, म्हणून मोजणी संपल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतात. मोजणारा शक्य तितक्या आखूड वाटेने जातो. वळणावर तो आतल्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर सोडतो आणि दोन वळणांमध्ये तिरकं सरळ जातो. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जादा धरतात. मॅरेथॉनला हेच ४२ मीटर होतात. धावणाऱ्यांच्या गर्दीत ही आखूड वाट कुणाला मिळत नाही. पाण्याच्या टेबलाकडे जाणं, पुढच्याला वळसा घालणं, वळण बाहेरून घेणं, हे सगळं अंतर पाय खरोखर तोडतात. उरलेली वाढ मात्र घड्याळाची.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि वेळ सांगत फिरतात. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतं. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही ३०० मीटरची पडते. उपग्रहावर अणुघड्याळ असतं, मनगटावर साधं क्वार्ट्झ. म्हणून जागेसाठी तीन आणि स्वतःच्या वेळेची चूक काढण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

इतकं करूनही मोकळ्या मैदानात जागा काही मीटरने इकडेतिकडे होतेच. सरळ रस्त्यावर धावताना नोंदलेले ठिपके कधी रस्त्याच्या डावीकडे पडतात, कधी उजवीकडे. ते जोडले की रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. चुका दोन्ही बाजूंना झाल्या तरी अंतरात त्या एकमेकींना खोडत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. वळणावर उलटं होतं. दोन ठिपक्यांमधला वळसा घड्याळ सरळ कापतं आणि अंतर कमी भरतं. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमध्ये ठिपके विरळ पडतात, म्हणून घाटातल्या नागमोडी वाटांवर ही तूट वाढते. बॅटरी पुरत असेल तर नोंद दर सेकंदाला ठेवावी.

उंच इमारतींच्या मध्ये आणखी एक अडचण येते. उपग्रहाचा थेट सिग्नल अडतो आणि समोरच्या भिंतीवर आपटून आलेला पोचतो. त्याची वाट लांब, त्यामुळे घड्याळाला आपण पलीकडच्या गल्लीत आहोत असं वाटतं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आकाश उघडं असतं, तिथे रेघ बरीच स्वच्छ येते. ड्युअल बँड, म्हणजे एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणाऱ्या घड्याळाचा खरा उपयोग गल्ल्यांतच होतो. जुन्या एल१ सिग्नलमधल्या संकेताचा एकेक तुकडा अंतरात मोजला तर सुमारे ३०० मीटर लांब असतो, एल५ मधला सुमारे ३० मीटर. तुकडा आखूड असला की थेट सिग्नल आणि मागून आलेला प्रतिध्वनी वेगळे ओळखणं सोपं जातं. भारताची जीपीएससारखी स्वतःची उपग्रह प्रणाली, ‘नाविक’, सुरुवातीपासून एल५ वापरते. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून तिच्यात एल१ची भर पडली. पावसाळ्यात सह्याद्रीच्या दाट झाडीत ओली पानंही सिग्नल खातात, तिथे ड्युअल बँडनेही फार चमत्कार होत नाही.

सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक घराच्या दारातच होते. उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, आणि ती काही तासच कामाची असते. घड्याळ फोनशी जोडून सिंक केलं की पुढच्या काही दिवसांचा अंदाज आधीच उतरवून घेता येतो. आठवडाभर सिंक केलं नसेल तर उघड्यावर, हात स्थिर ठेवून थांबावं. सिग्नल मिळाल्याची खूण दिसल्यावरही आणखी मिनिटभर द्यावं, म्हणजे जास्त उपग्रह हाती येतात. घाईत बटण दाबणाऱ्याचा पहिला किलोमीटर हमखास वेडावाकडा येतो.

आता पेसचा, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेचा हिशोब. ४ तासांत मॅरेथॉन संपवायची तर ४२.१९५ किलोमीटरसाठी दर किलोमीटरला ५:४१ लागतात. घड्याळ शेवटी ४२.७ दाखवणार असेल आणि त्याच्या ५:४१ वर विसंबून धावलात, तर अंतिम रेषेवर जवळजवळ ३ मिनिटं उशीर होईल. म्हणून घड्याळातल्या पेसचं लक्ष्य ५:३७ धरावं. त्याहून बरं म्हणजे ऑटो लॅप (दर किलोमीटरला घड्याळ आपोआप करतं ती नोंद) बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीजवळ लॅपचं बटण स्वतः दाबावं. तेव्हा लॅपचा वेळ पाहायचा, पेस नाही; कारण पेस घड्याळाच्याच अंतरावरून निघतो. क्षणाक्षणाचा पेस बघत वेग बदलू नये, तो फार उड्या मारतो.

उंचीच्या बाबतीत जीपीएस आणखी कच्चं पडतं. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखालचे पृथ्वीआड, त्यामुळे वर-खालची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी. म्हणून चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की तो साधारण ८ ते १० मीटर चढ समजतो. आपल्याकडे स्वच्छ हवेतही सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दाब ३-४ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे एका जागी बसून राहिलात तरी घड्याळ तुम्हाला तीसेक मीटर चढवतं. निघताना नकाशावरून पायथ्याची उंची घालावी आणि माथ्यावर ताडून पाहावी. सिंहगडासाठी १,३१२ मीटर हा आकडा हाताशी असतो. घाम आणि चिखलाने सेन्सरची बारीक भोकं बुजली तर उंची एका जागी अडकते किंवा उड्या मारते. साध्या कोमट पाण्याने धुवावं, टाचणी घालू नये.

घड्याळ किती चुकतं हे पाहायचं असेल तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून पहिल्या लेनमध्ये १० फेऱ्या माराव्यात. ४ किलोमीटर भरायला हवेत. चौथ्या लेनमध्ये मारल्या तर सुमारे ४.२२. घड्याळात ट्रॅकवर धावण्यासाठीचा ट्रॅक मोड असेल तर लेनचा आकडा आधी बरोबर भरावा, नाहीतर घड्याळ चुकीच्या लेनचा हिशोब अगदी नेमकेपणाने देतं.