चहाचा रंग ठरतो कुठे?

सतराव्या शतकात चहा युरोपात पोहोचला खरा, पण चहाचं झाड तिथल्या लोकांना पुढची कितीतरी वर्षं नीट पाहायला मिळालं नाही. 1757 पासून 1842 पर्यंत चीनने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना कँटन बंदराच्या पलीकडे जाऊच दिलं नाही. बंदरात यायच्या त्या बंद पेट्या, कुठे हिरवा चहा तर कुठे काळा. मग झाडंही दोन असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1753 मध्ये चहाला ‘थिआ सायनेन्सिस’ हे एकच नाव दिलं होतं. 1762 मध्ये मात्र त्याने ते बदलून दोन जाती मांडल्या, ‘थिआ बोहेआ’ आणि ‘थिआ व्हिरिडिस’. पहिलीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि दुसरीच्या नऊ, हा त्यासाठीचा आधार. काळा चहा पहिलीचा आणि हिरवा दुसरीचा, ही समजूत त्यातून घट्ट झाली आणि पुढे जवळपास शतकभर टिकली.

ती मोडली रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने. 1843 मध्ये तो चीनला गेला आणि चहाच्या मळ्यांपर्यंत पोहोचला. एकाच झाडाची पानं घेऊन लोक हवा तो चहा करतात, हे त्याला तिथे दिसलं. पुढच्या खेपेला त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. परदेशी गिऱ्हाइकाला हिरवा रंग गडद लागतो म्हणून कामगार चहात ‘प्रशियन निळा’ हा रंग आणि जिप्समची पूड मिसळत होते, आणि त्यांचे हात निळे झालेले होते. ‘हिरवा’ या शब्दावर लोक किती विसंबून होते, ते यावरून कळतं.

आज झाडाचं नाव आहे कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन: लहान पानांचा, थंडी सोसणारा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. आसामीची कहाणीही गैरसमजाचीच. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला 1823 मध्ये आसामच्या सिंगफो जमातीच्या लोकांकडून ही झाडं कळली, पण हा खरा चहाच आहे हे कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी मान्य करायला 1834 साल उजाडलं. तरीही चीनहून बी मागवलं गेलंच. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या उष्ण, दमट हवेत अखेर सरस ठरलं ते तिथलंच झाड. आसामचा पहिला चहा लंडनमध्ये लिलावाला आला जानेवारी 1839 मध्ये.

मग रंग येतो कुठून? पान खुडलं की ते कोमेजू लागतं. ते वळलं, चुरगाळलं की पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) आणि पॉलिफेनॉल नावाची रसायनं एकत्र येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पान तांबूस होतं. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, तशीच ही क्रिया. ती सुरू होण्याआधीच पानाला उष्णता दिली की विकर निकामी होतं आणि हिरवा चहा मिळतो. त्यासाठी चीनमध्ये बहुधा कढईत भाजतात, जपानमध्ये वाफवतात. क्रिया मधेच थांबवली तर उलाँग, पूर्ण होऊ दिली तर काळा. पांढऱ्या चहात पान न वळता नुसतं कोमेजवून सुकवतात.

या क्रियेला चहाच्या धंद्यात अजूनही ‘फर्मेंटेशन’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो, कारण किण्वनाला सूक्ष्मजीव लागतात आणि इथे ते काम करतच नाहीत. इथे घडतं ते ऑक्सिडीकरण. खरं किण्वन पाहायचं तर चीनच्या युनान प्रांतातल्या प्यू-अर चहाकडे वळावं लागतं. तो वर्षानुवर्षं साठवून मुरवला जायचा. 1973 च्या सुमाराला कुनमिंगच्या कारखान्यात ओल्या पानांचे ढीग रचून तेच काम काही आठवड्यांत उरकण्याची पद्धत बसवली गेली.

बारीक दाणेदार चहा म्हणजे चांगल्या पानांतून उरलेला चुरा, असंही सर्रास ऐकू येतं. तसं नाही. तो बनवणारं सीटीसी (‘क्रश, टेअर, कर्ल’) हे यंत्र 1930 च्या सुमाराला आसाममध्ये विल्यम मॅककर्चरने तयार केलं. दातेरी रुळांत ताजं पान मुद्दाम चिरडून, फाडून त्याची गोळी वळवली जाते. पेशी जास्त फुटतात, म्हणून चहा लवकर उतरतो आणि गडद होतो. चहाच्या डब्यावर दिसणाऱ्या ‘ऑरेंज पेको’चाही संत्र्याशी संबंध नाही, ती पानाच्या आकाराची प्रत आहे.

रंग गडद तितकं कॅफीन जास्त, हा समज तर आजही सगळीकडे आहे. कॅफीन सर्वांत जास्त असतं ते कळीत आणि कोवळ्या पानांत. त्यामुळे नुसत्या कळ्यांचा फिकट पांढरा चहा जून पानांच्या काळ्या चहाइतकाच, कधी त्याहूनही अधिक तेज असू शकतो. पाणी किती गरम आणि पान त्यात किती वेळ राहिलं, यावर बाकीचं ठरतं.