औद्योगिक प्रशिक्षण संस्था (कोकण)

शाळा संपल्यावर एक किंवा दोन वर्षांत कारखान्यातले काम हाताने शिकवणारी संस्था. कागदोपत्री नाव लांबलचक असले तरी बोलण्यात सगळीकडे ‘आयटीआय’ हाच शब्द चालतो. मुलगा काय करतो, असे विचारले की ‘आयटीआयला आहे, फिटरला’ असे उत्तर मिळते. इथे शिकवल्या जाणाऱ्या व्यवसायाला ‘ट्रेड’, शिकवणाऱ्याला ‘निदेशक’ आणि विद्यार्थ्याने घडवलेल्या वस्तूला ‘जॉब’ म्हणतात. केंद्र सरकारने १९५० मध्ये सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून या संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे असून शासकीय संस्थांची संख्या चारशेच्या वर आहे. कोकणात पनवेल, महाड, खेड, चिपळूण अशा तालुक्यांच्या गावी त्या आढळतात.

कोकणात आयटीआयला जे मोल आले, ते चाकरमान्यांच्या इतिहासाशिवाय कळत नाही. शेताचे तुकडे लहान, पीक बहुतेक पावसाळी भाताचे. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरण्यांत असे. तिथे शिरायला प्रमाणपत्र लागत नव्हते. गाववाला ओळखीने चिकटवून देई आणि गैरहजर कामगाराच्या जागी, म्हणजे बदलीवर, राहून काम शिकता येई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती वाट बंद होत गेली. दुसरीकडे, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कोकणातच वसाहती उभारल्या : रोह्याजवळ धाटाव, महाड, आणि खेड तालुक्यात मुंबई–गोवा महामार्गालगत लोटे-परशुराम. यांतले बरेचसे कारखाने रसायनांचे. तिथे नुसत्या ओळखीवर यंत्राला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गावात राहून, घरचे जेवून कंपनीत जायचे तर हातात ट्रेडचे प्रमाणपत्र हवे, हे इथल्या आईबापांनी फार लवकर ओळखले.

फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक हे नेहमीचे ट्रेड. वेल्डर एका वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. रसायन पट्ट्याचा खास ट्रेड म्हणजे ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’, थोडक्यात एओसीपी. दोन वर्षांच्या या ट्रेडसाठी दहावीला विज्ञान व गणित लागते. पंप, व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर, ऊर्ध्वपातनाचा मनोरा, दाब आणि तापमान दाखवणारी मापके हा त्याचा अभ्यास. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि कोणता नंतर, याची सवय अंगात मुरणे हेच त्यातले खरे शिक्षण. क्रम चुकला तर इजा एकट्या ऑपरेटरला होऊन भागत नाही. लोटे-परशुराम वसाहतीच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. प्लांटवरचे दक्ष हात ही त्यांचीही गरज आहे.

फिटरची सुरुवात मात्र कानशीपासून होते. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, लोखंडी पट्टीचा तुकडा घट्ट आवळायचा आणि दिवसचे दिवस कानस चालवायची. नवख्याचा हात झोक्यासारखा वरखाली होतो, त्यामुळे कडा जास्त झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. निदेशक जॉबवर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) ठेवून तो खिडकीकडे धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की जॉब परत व्हाइसमध्ये. उजेड दिसेनासा झाला, की मगच व्हर्निअर कॅलिपर हाती येतो, ज्यावर मिलिमीटरचा पन्नासावा भागही वाचता येतो. कोकणात यात आणखी एक धडा मिळतो. पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत आदल्या दिवशी घासून चकचकीत केलेला पृष्ठभाग सकाळी तांबूस झालेला असतो. घरी निघण्यापूर्वी जॉबला तेलाचा हात फिरवायचा, हे इथला विद्यार्थी पहिल्याच पावसात शिकतो.

ट्रेडच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते व राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतरची पायरी म्हणजे ‘अप्रेंटिसला लागणे’. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा; आजच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात व त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. कायदा चांगला आहे, पण शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलाला झाडलोट आणि ओझी उचलण्यावर ठेवले, तर त्याचे वर्ष वाया जाते. अप्रेंटिसशिप संपल्यावर कायम नोकरीऐवजी ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव लागणे हे त्याहून मोठे दुःख आहे. दहावीला कमी गुण पडलेल्यांची जागा म्हणजे आयटीआय, हा समजही अजून गेलेला नाही. तो चुकीचा आहे. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविका अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि तिथे यंत्र आधी हाताळलेला मुलगा वेगळाच उठून दिसतो.

सगळेच कंपनीत जात नाहीत. बंदरावर ट्रॉलरची डिझेल इंजिने आहेत, बागांना पाणी देणारे पंप आहेत, आणि गावोगाव मोटर रिवाइंडिंगची, म्हणजे जळलेल्या मोटरचे वेटोळे नव्याने गुंडाळून देणारी, दुकाने आहेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड बुडाले, तेव्हासारख्या पुरानंतर हे कसब किती मोलाचे, ते कळते. चिखलाच्या पाण्यात राहिलेली मोटर थेट सुरू केली तर जळते. ती खोलून गोड्या पाण्याने धुवावी लागते, मंद उष्णतेवर वाळवावी लागते, मग वेटोळे आणि बाहेरचे कवच यांच्यामध्ये मेगर लावून विद्युतरोध पाहावा लागतो. काटा एक मेगाओमच्या खाली राहिला, तर मोटर पुन्हा वाळत ठेवतात.