दुःखातील स्मित

मन खिन्न असताना चेहऱ्यावर उमटणारे किंवा जाणूनबुजून आणलेले हसू. याकडे ढोंग म्हणून पाहण्याची सवय असली, तरी त्यातले बरेचसे हसू कोणाला फसवण्यासाठी नसतेच. हसणे ही भावनेची खूण आहे, तशीच ती समोरच्याला उद्देशून केलेली कृतीही आहे. ही दुसरी बाजू लक्षात घेतली की यातला विरोधाभास बराच ओसरतो.

फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये, विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचे स्नायू आकुंचित करून, हसण्यातील दोन हालचाली वेगळ्या दाखवल्या. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू हुकमी हलतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र बहुतेक वेळा मनापासूनच्या आनंदातच साथ देतो. (काही जणांना तोही ठरवून आवळता येतो, त्यामुळे ही कसोटी अचूक मानू नये.) मेंदूतही ठरवून केलेल्या आणि आपसूक आलेल्या हसण्याचे मार्ग काही अंशी स्वतंत्र आहेत. पक्षाघातानंतर ‘हसून दाखवा’ म्हटल्यावर ज्याच्या तोंडाची एक बाजू हलत नाही, असा रुग्ण विनोद ऐकून दोन्ही बाजूंनी हसू शकतो.

दुःख झाकण्यासाठी हसणे माणूस लहानपणीच शिकतो. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ मध्ये मुलांना मुद्दाम निराश करणारी भेटवस्तू देऊन त्यांचे चेहरे न्याहाळले. मोठी मुले, विशेषतः मुली, लहानांपेक्षा नाराजी अधिक लपवत होत्या. कोणापुढे कोणती भावना दाखवावी याचे अलिखित नियम प्रत्येक समाजात असतात आणि दुःखाच्या बाबतीत ते बहुधा कडक असतात. ऐकणाऱ्याला अवघडू नये, आपली कीव होऊ नये, चार माणसांत रडू कोसळू नये, अशी कारणे एकाच हसण्यामागे एकवटलेली असू शकतात.

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९८२ मध्ये खऱ्या व खोट्या हसण्याबरोबर केविलवाण्या हसण्याचा तिसरा प्रकार नोंदवला. त्यात दुःख लपवलेले नसते. ‘वाईट वाटतंय, पण सोसतो आहे’ एवढेच ते कळवते. वाईट निकाल सांगताना किंवा सांत्वनाला आलेल्यांकडे पाहताना माणूस हसतो ते बरेचदा असे.

शोकात मनापासूनचे हसूही येते. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी जोडीदार गमावलेल्यांच्या मुलाखती अभ्यासल्या (१९९७). गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे खरेखुरे हसले, त्यांचा मनस्ताप इतरांपेक्षा कमी आढळला. हसल्यामुळे दुःख हलके झाले की ज्यांना सावरता येत होते तेच हसू शकले, हे एवढ्यावरून ठरत नाही. शोकाकुल माणूस हसला म्हणून त्याच्या दुःखावर शंका घेणे मात्र अन्यायाचे आहे.

‘हस, म्हणजे बरं वाटेल’ या सल्ल्यात तथ्य आहे, पण थोडेच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९ देशांतील सुमारे ३,९०० जणांच्या प्रयोगात हसरा चेहरा केल्याने आनंदाची भावना किंचित वाढली. नोकरीचा भाग म्हणून दिवसभर हसू टिकवावे लागते, तेव्हा उलट थकवा येतो. अशा भावनिक श्रमाची मांडणी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून केली. मेंदूच्या काही आजारांत मनःस्थितीशी न जुळणारे, अनावर हसू येते. ते या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहे.

नैराश्याचा रुग्ण चारचौघांत हसतमुख राहू शकतो. याला बोलीत ‘हसरे नैराश्य’ म्हणतात, पण ते स्वतंत्र वैद्यकीय निदान नाही. अशा रुग्णाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधता येत नाही. झोप, भूक, कामातला रस आणि आत्महत्येचे विचार यांबद्दल थेट विचारावे लागते.