भ्रमनिरास, नोकरीतील

भ्रमनिरास, नोकरीतील : संस्थेने स्वतःच जाहीर केलेली मूल्ये खरी मानून काम करणाऱ्या माणसाचा त्यांच्यावरचा विश्वास अनुभवाअंती उडणे. पगार कमी, काम जड किंवा साहेब तापट असल्यामुळे येणारी नाराजी वेगळी. कामाच्या सततच्या ताणातून येणारा थकवाही वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. भ्रमनिरास आधी ज्याने विश्वास टाकला होता त्यालाच होतो. पहिल्या दिवसापासून फक्त पगारासाठी आलेला माणूस यातून सहसा सुटतो.

अमेरिकी अभ्यासक क्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये ‘मानसिक करार’ ही कल्पना मांडली. नेमणूकपत्रात नसलेले, पण मनात पक्के धरलेले देणेघेणे असा तिचा अर्थ. डेनिस रूसो यांनी १९८९ पासून ती अधिक नेमकी केली आणि हा करार मोडल्यावर माणूस कसा वागतो, याचा अभ्यास त्यातून पुढे गेला. आर्गिरिस आणि डोनाल्ड शोन यांनी १९७४ मध्ये तोंडी सांगितलेली तत्त्वे आणि प्रत्यक्ष वापरातली तत्त्वे असा भेद केला. हत्तीच्या दातांची म्हण माहीत असलेल्या मराठी माणसाला तो नवा वाटणार नाही. १९९८ मध्ये डीन, ब्रँडीस आणि धारवाडकर या तिघांनी अशा अविश्वासाची तीन अंगे सांगितली : संस्थेत सचोटी नाही ही खात्री, तिच्याविषयी कडवटपणा, आणि तिला कमी लेखणारे बोलणे-वागणे.

सातारा-सांगली भागात या अनुभवामागे एक जुनी आठवण आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली ती किर्लोस्करवाडी. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता, आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना रात्रीचे पहारेकरी नेमले होते. बाहेरचे जग ज्याला दारात उभे करत नव्हते, त्याच्यावर रात्रीचा कारखाना सोपवला जात होता. मालकाची मूल्ये कोणती, हे कामगाराला त्यासाठी वाचावे लागत नव्हते. स्वातंत्र्यानंतर कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस घालणारा सभासद आणि आतला कामगार एकाच गावचे, कित्येकदा एकाच घरचे. म्हणून ‘आपला कारखाना’. साताऱ्यात मुख्यालय असलेल्या, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलेले वडील-आजोबा इथल्या अनेक घरांत आहेत. अशा घरातला मुलगा कंपनीत लागतो आणि पहिल्याच आठवड्यात ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य ऐकतो, तेव्हा तो ते शब्दशः घेतो. तो भोळा असतो म्हणून नव्हे. कारखाना आपला असू शकतो, हे त्याने घरी ऐकलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते इथला भ्रमनिरास अधिक बोचतो तो यामुळे.

कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ, लोणंद इथल्या औद्योगिक वसाहतींत हा अनुभव बहुधा लहान गोष्टींतून येतो. ‘सेफ्टी फर्स्ट’ हा फलक प्रवेशद्वारावरच असतो. आत प्रेसवर (पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रावर) हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये म्हणून बसवलेला गार्ड दर पीसमागे थोडा वेळ खातो. महिनाअखेरीला माल अडकला की सुपरवायझर म्हणतो, ‘आजच्यापुरता काढ, उद्या लाव.’ यंत्राचा धोकादायक भाग झाकणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले, हे त्या ऑपरेटरला प्रशिक्षणातच शिकवलेले असते. पण तो ‘उद्या’ कधी येत नाही. ग्राहक कंपनीचे ऑडिट ठरले की मात्र गार्ड पुन्हा लागतो, नवे हातमोजे वाटले जातात, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या रंगवून निघतात. सुरक्षितता आपल्या बोटांसाठी नव्हती, ऑडिटरच्या डोळ्यांसाठी होती, हे त्या दिवशी लक्षात येते. बोट शाबूत राहिले तरी विश्वास जायचा तो जातोच.

दुसरी जागा म्हणजे पर्मनंट आणि ठेकेदाराचा माणूस यांतली रेघ. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा झाला, पण एकाच लाइनवर, एकच बोल्ट आवळणारे दोघे निराळ्या रंगाचे शर्ट घालतात. दिवाळीत मिठाईचा पुडा एकाला मिळतो, दुसऱ्याला नाही. पुड्याची किंमत किरकोळ असते. पण ‘कुटुंब’ हा शब्द वापरल्यावर घरातल्या एका पोराला ताटावरून उठवण्यासारखेच ते होते. आणि हे पाहणारा पर्मनंट कामगारही त्या दिवशी काहीतरी गमावतो. उद्या आपला शर्ट बदलू शकतो, हे त्याला कळलेले असते. साखर कारखान्यांत पगार थकला की दुखणे आणखी खोल जाते, कारण तिथे ‘त्यांनी फसवले’ असेही म्हणता येत नाही. संचालक गावातलाच, मत आपणच दिलेले.

सांगली, इस्लामपूर, कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पुण्याला गेलेल्या मुलामुलींचा अनुभव वरवर वेगळा दिसतो. २०२० च्या टाळेबंदीत ती गावी परतली, माडीवरच्या खोलीतून काम केले, आणि ‘तुम्ही कुठूनही काम करा, आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ असे अनेकांना सांगण्यात आले. पुढे कार्यालयात येऊन हजेरीसाठी कार्ड टेकवणे सक्तीचे झाले. प्रवासापेक्षा तो विश्वास तात्पुरता निघाल्याचे दुःख मोठे होते.

मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे सर्वज्ञात आहेत. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या जाहीर मूल्यांत आदर आणि सचोटी होती. २००१ मध्ये ती हिशेबांतील लबाडीमुळे बुडाली. भारतात ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या संस्थापकांनी खोट्या ताळेबंदांची लेखी कबुली दिली.

हा बदल बोलण्यात ओळखू येतो. ‘आमच्या कंपनीत’ म्हणणारा माणूस ‘कंपनीत’ म्हणू लागतो, नंतर ‘तिथं’. सूचनापेटीत चिठ्ठी पडत नाही. कायझनच्या, म्हणजे कामात लहानसहान सुधारणा सुचवण्याच्या, बैठकीत तो नुसती मान हलवतो. चूक दिसली तरी सांगत नाही, कारण मागच्या वेळी सांगितल्यावर ‘तू तुझं बघ’ हे उत्तर मिळालेले असते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये अशा माणसापुढचे मार्ग सांगितले : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि यांतले काय निवडायचे ते ठरवणारी निष्ठा. साताऱ्या-सांगलीत पहिला मार्ग अरुंद आहे. घराचे कर्ज, दोन एकर ऊस, म्हातारे आईवडील, आणि त्या कामाची दुसरी कंपनी थेट चाकण किंवा पुण्याला. दुसऱ्या मार्गाला युनियन लागते, आणि ट्रेनी किंवा कंत्राटी माणूस तिच्या सभासदांत क्वचितच असतो. म्हणून बहुतेकजण न जाता, न बोलता राहतात. व्यवस्थापनाला ही शांतता समाधानाची वाटते, ही त्याची सर्वांत महागडी चूक.

कामावरचे प्रेम मात्र यात मरतेच असे नाही. खंडेनवमीला इथल्या शेडमध्ये यंत्रे पुसून, तेल-पाणी करून झेंडूच्या माळा घातल्या जातात. ज्याने वर्षभर कंपनीचे नाव तोंडी घेतलेले नसते, तो ऑपरेटरही आदल्या संध्याकाळी थांबून आपले लेथ स्वतः धुतो, बेडवरची बर, म्हणजे धातूचा कीस, कोपऱ्याकोपऱ्यातून काढतो आणि कुंकू लावताना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.