वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्कोगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ज्येष्ठांपैकी काहींना त्यांनी डेव्हिड बर्न्स यांचं ‘फीलिंग गुड’ वाचायला दिलं, काहींना व्हिक्टर फ्रँकल यांचं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’. तिसऱ्या गटाला तूर्त काहीच नाही. वाङ्मय म्हणून विचाराल, तर मी डोळे झाकून फ्रँकल उचलेन. छळछावणीतून जगून आलेल्या माणसाचं पुस्तक आहे ते! पण नैराश्य जास्त ओसरलं ते बर्न्स वाचणाऱ्यांचं.

कारण बर्न्स यांचं पुस्तक गृहपाठ देतं. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मनात आलेला विचार, जसाच्या तसा: ‘मुलाचा फोन आला नाही, मी आता कुणालाच नकोय.’ दुसऱ्यात त्यातली खोट: एका फोनवरून सगळ्यांचा निकाल लावून टाकला. तिसऱ्यात स्वतःला पटेल असं उत्तर: ‘कामावरून उशिरा सुटला असेल, रविवारी तर अर्धा तास बोलला.’ पोरखेळ वाटतो खरा. पण डोक्यात घोळत राहणारा विचार कागदावर आला की त्याची उलटतपासणी घेता येते. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीत, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारात, समुपदेशकही हेच करून घेतो.

स्कोगिन यांच्याच १९८९च्या प्रयोगात, मन रमेल अशी कामं दिनक्रमात बसवायला लावणारं दुसरं पुस्तकही तितकंच उपयोगी ठरलं. या अभ्यासांत दर आठवड्याला संशोधकांचा छोटासा फोन यायचा. उपचार म्हणून नव्हे, वाचन कुठवर आलं एवढंच विचारायला. माझ्या मते त्या फोनचाही गुण असणार. कुणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर पुस्तक उघडलं जातं.

२००४ साली पुस्तक आणि समोरासमोरची थेरपी यांची तुलना झाली, तेव्हा उपचार संपताना थेरपी सरस ठरली. तीन महिन्यांनी मात्र वाचणाऱ्यांनी तिला गाठलं होतं. उलट नेदरलँड्समध्ये पंचाहत्तरीपुढच्या, सौम्य लक्षणं असलेल्यांना अशा पुस्तकाचा खास फायदा दिसला नाही.

नैराश्य तीव्र असेल, लक्षच लागत नसेल, तर पुस्तकाच्या भरवशावर राहू नये. थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा चालू असलेली एखादी गोळीही उतारवयात मरगळ आणते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा; तिथे मराठीत बोलता येतं.